चाकणच्या बसमधले सरकार

माझ्या कादंबरीतला सरदार घोड्यावर ऐटीत बसायचा, टोपी झोकात काढायचा, आणि तोंड उघडलं की पार माती करायचा. विलायतेतला, दोनशे वर्षांपूर्वीचा, मोठ्या जहागिरीचा हा देखणा गडी माझ्या हाती लागल्यापासून ग्रामपंचायतीच्या नोटिशीसारखा बोलत होता. ‘आपल्या सौंदर्याने मी अत्यंत प्रभावित झालो आहे.’ असं कुणी म्हटलं तर बाईमाणूस लाजेल की पावती मागेल?

हे विलायती वेड मला लागलं ते चाकणला जाता-येता. मी रावेतला राहते आणि चाकणच्या एका कंपनीत स्टोअर्समध्ये काम करते. आमच्याकडे गाड्यांचे पार्ट बनतात. कंपनीची बस रावेतहून निघते, निगडी, भोसरी, मोशी करत चाकणला पोचते; पोचते म्हणजे, पुढच्या कांद्याच्या ट्रकांनी पोचू दिलं तर. त्या ट्रॅफिकमध्ये बसून मी मोबाइलवर विलायती मालिका बघायला लागले आणि त्यांच्या त्या जुन्या काळाच्या प्रेमातच पडले. इंग्लंडचा राजा भ्रमिष्ट झाला आणि त्याच्या मुलानं त्याच्या वतीनं कारभार पाहिला, ते दिवस. त्याला तिकडे रीजन्सी म्हणतात. आपल्या पुण्यात तेव्हा शेवटचे पेशवे होते, म्हणजे शाळेतल्या इतिहासाचं एक टोक तरी माझ्या हातात होतं.

मला आवडलं ते त्या लोकांचं मन मारून वागणं. लग्नाच्या मुलीनं मुलाला एकटं भेटायचं नाही, सोबतीला एखादी आत्या नाहीतर मावशी हवीच. नाचाच्या समारंभात एकाच माणसाबरोबर दोनापेक्षा जास्त वेळा नाचलं की गावभर चर्चा. मला वाटलं, हे तर मला डोळे झाकून जमेल, आपल्याकडे काय फार वेगळं चाललंय?

तर ते जमेना. माझ्या आधीच्या दोन कादंबऱ्या छापणाऱ्या प्रकाशिका बाई पुण्याला असतात. त्यांना निम्मी कादंबरी पाठवली. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, “घोडे फार जिवंत आहेत हो तुमचे. आता माणसांचं तेवढं बघा.” मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्या नावानं बोटं मोडली. त्यांचं खरं होतं म्हणून राग जरा जास्तच आला.

खरी गोची हाका मारण्यात होती. माझी नायिका एका खेड्यातल्या डॉक्टरची मुलगी आणि तो एवढा मोठा सरदार. ती त्याला काय म्हणणार? ‘महाराज’ लिहून बघितलं, तर मला लग्नातले आचारी दिसायला लागले. ‘साहेब’ म्हटलं की तो आमच्या प्लँटमधून फेरी मारायला लागायचा. शेवटी ‘सरकार’वर येऊन थांबले. ‘होय सरकार’, ‘नाही सरकार’, ‘पाऊस थांबला वाटतं, सरकार.’ पानं भरत होती, पण त्या दोघांमध्ये काही म्हणता काही घडत नव्हतं.

आता माझ्या नणंदेबद्दल सांगायला हवं, कारण या गोष्टीत माझ्या पदरात जे पडलं ते तिच्यामुळे. आमच्या घरात मी, माझा नवरा, सासरे आणि ही धाकटी नणंद. सासूबाई बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या. नणंद डिप्लोमा झालेली, माझ्याच कंपनीत क्वालिटीला आहे. पस्तिशीला टेकली होती, लग्न जमत नव्हतं. बघायला यायचे, कांदेपोहे खायचे आणि कळवतो म्हणून जायचे. एकदा असेच कुणी कळवतो म्हणून गेल्यावर ती पातेली घासता घासता मला म्हणाली, “वहिनी, मी दिवसभर पार्ट रिजेक्ट करते. पण कारण लिहून करते गं. मला तर कारणही सांगत नाहीत.”  मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि उगाच परत घासलं.

त्या श्रावणात निगडीचं एक स्थळ आलं होतं. सासरे साताऱ्याकडचे, पिंपरीच्या एका कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, बोलायला कमी. ते तिला म्हणाले, “पोरी, हे शेवटचं. यानंतर मी तुला बसवणार न्हाई कुणापुढं.” तिलाही वडिलांचा चेहरा बघवला नसावा. तिनं शब्द दिला की निगडीकरांनी होकार दिला तर ती नाही म्हणणार नाही. ते लोक राखीपौर्णिमेनंतरच्या रविवारी येणार होते. ती ज्याला ओळखतही नाही अशा माणसाच्या हो-नाहीवर तिचं पुढचं सगळं आयुष्य टांगलं होतं, आणि ती रोज डबा भरून बसमध्ये बसत होती.

आमच्या बसची एक रीत आहे. प्लँटमध्ये सगळीकडे पुरुषच पुरुष, बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यामुळे प्रत्येक बाई प्रत्येक पुरुषाला दादा म्हणते. वयानं लहान असला तरी दादा, टक्कल पडलं असलं तरी दादा. एकदा दादा म्हटलं की मधे भिंत उभी राहते, आणि मग त्या भिंतीच्या आडून मोकळेपणानं हसता-बोलता येतं. माझी नणंद तर या कामात पटाईत. “दादा, खिडकी लावता का?” “दादा, तेवढी बॅग वर ठेवता का?” मोशीला एक टूलरूममधले टेक्निशियन चढायचे, लातूरकडचे, चाळिशीच्या अलीकडचे. दिवाळीनंतर त्यांनी मोशीला खोली घेतली तेव्हापासून ते आमच्या बसला होते. तेही दादाच. बसमध्ये ते तिच्या पुढच्या सीटवर बसायचे, मी मधली वाट सोडून त्यांच्या पलीकडे, आणि त्या दोघांची खिडकी सामायिक होती. काच मागे सरकवली की तिच्याकडची बंद व्हायची, पुढे सरकवली की त्यांच्याकडची. सगळं बोलणं त्या काचेवरून.

एका सकाळी भोसरीच्या पुढं बस अडकली होती. मी मोबाइलवर माझ्या सरदाराला एका बागेत उभं करून ठेवलं होतं आणि पुढं काय करावं ते सुचत नव्हतं. मोशी आलं, ते चढले, बसले. धूळ यायला लागली. नणंद मागून म्हणाली, “जरा खिडकी...”

मी मान वर केली. वाक्य पुढं गेलं नव्हतं आणि मागेही काही नव्हतं. दादा कुठं गेला? मी कान देऊन बसले. थोड्या वेळानं, “हे बघा, तुमची पावती खाली पडली.” मग उतरताना, “अहो ऐका ना, टिफिन राहिला.” दिवसभर मी स्टोअर्समध्ये बोल्ट मोजत होते आणि तिचं बोलणं मनात परत परत लावून बघत होते. बाकी सगळ्यांना ती दादाच म्हणत होती. ड्रायव्हरलाही म्हणाली. फक्त एकाच माणसाला हाक मारायला तिच्याकडे शब्द उरला नव्हता. दादा म्हणवत नव्हतं, नावानं बोलावणं शक्य नव्हतं, आणि तिसरा शब्द घ्यायचा तिला काही हक्क नव्हता.

घरीही तेच. आधी ती सांगायची, “ते मोशीचे दादा म्हणत होते, चाकणला आज बाजारात कांदा चढलाय.” आता म्हणायची, “ते म्हणत होते.” ते कोण, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मला तेव्हा जे झालं ते मी कुणाला नीट सांगू शकत नाही.  मी एवढ्या विलायती मालिका पाहिल्या, हातमोजे आणि मेणबत्त्या गोळा केल्या, आणि माझ्या मागच्या सीटवर प्रेम चाललं होतं ते एका गळालेल्या शब्दात. आणि दुसरी गोष्ट कळली ती अशी, की समारंभात भिंतीला टेकून बसणाऱ्या, मुलीवर डोळा ठेवणाऱ्या ज्या मावश्या मी कादंबरीत लिहीत होते, ती मावशी मीच होते. मी फार हसले, आणि हसता हसता मला काळजीही वाटली, कारण राखीपौर्णिमा आठवड्यावर आली होती.

राखीला आमच्या कंपनीला सुट्टी नसते. म्हणून त्या सकाळी बसमध्येच कार्यक्रम असतो. बायका कुंकवाची डबी, राख्या आणि पेढे घेऊन येतात आणि बस मोशी सोडून पुढं अडकली की पहिल्या सीटपासून शेवटपर्यंत सगळ्या पुरुषांना राख्या बांधतात. कुणालाही वगळायचं नाही. वगळलं तर त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो संध्याकाळपर्यंत पेंट शॉपपासून कॅन्टीनपर्यंत पोचतो. तोंडानं दादा म्हणणं वेगळं, ते मागे घेता येतं. हातात एकदा राखी बांधली की मागे घेता येत नाही, निदान आमच्यासारख्या घरांत तरी नाही. आणि राखी बांधण्याचं काम दरवर्षी माझ्या नणंदेकडे असतं, कारण तिची गाठ पक्की बसते.

आदल्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, “उद्या रजा टाक.”

“का?”

“डोकं दुखतंय म्हणून.”

ती हसली नाही. “रजा टाकली तरी पुढच्या वर्षी बांधावीच लागेल, वहिनी. आणि तोवर मी निगडीची सून झालेली असेन.” म्हणजे मला कळलंय हे तिला कळलं होतं. आम्ही दोघी यावर पहिल्यांदाच बोललो, आणि तेही एवढंच.

सकाळी बसमध्ये ड्रायव्हरदादा सगळ्यात खुशीत. हे इथल्याच मावळातल्या जुन्या घरातले. “आमाला दोन पेढं द्या ताई. आमी सकाळधरनं चा बी घेतला न्हाई.” मोशी आलं. ते चढले, आणि मी बघते तर उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत हे एवढं जाड बँडेज. सगळ्यांनी विचारलं, काय झालं? ते कुणाकडेही न बघता म्हणाले, “काय नाही, पडलो. दुखायलंय जरा.”

नणंद एकेक सीट करत पुढं येत होती. कुंकू, राखी, गाठ, पेढा. मी तिच्या मागून पेढ्यांचा बॉक्स धरून चालले होते. ती त्यांच्यापाशी आली. त्यांनी बँडेजचा हात छातीशी धरला. मागून कुणीतरी बाई ओरडली, “अगं डाव्या हाताला बांध! चालतं!”

बसमध्ये सगळे आमच्याकडे बघत होते. नणंदेनं त्यांच्या हाताकडे बघितलं, क्वालिटीवाले बघतात तसं, खालून वर, वरून खाली. मग तिनं राखी परत पाकिटात टाकली, माझ्या हातातल्या बॉक्समधला पेढा उचलून त्यांच्यापुढं धरला आणि मागच्या बाईला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “डाव्या हाताला नाही बांधत मी.” आणि ती पुढच्या सीटकडे गेली. तिचे कान लाल झाले होते.

त्यांनी पेढा घेतला. बँडेजच्या हातानं घेतला. ही चूक त्यांच्या लक्षात आली तेव्हा तो तोंडात गेला होता. आणि दुपारी कॅन्टीनमध्ये मी पाहिलं, बँडेज कुठल्या कुठं, आणि गृहस्थ त्याच हातानं चपाती मोडून आमटीत बुडवत होते. मी त्यांच्या समोरून ताट घेऊन गेले. त्यांनी मला बघितलं आणि घास तसाच हातात धरून ठेवला.

परतीच्या बसमध्ये ते माझ्या सीटपाशी येऊन उभे राहिले. इतके महिने मी त्यांना मॅडम होते. त्या संध्याकाळी ते म्हणाले, “वहिनी, रविवारी तुमच्याकडं आलो तर चालंल का? बाबांना भेटावं म्हणायलोय.” मला वहिनी म्हणून त्यांनी सगळंच सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, “या. पोहे मी करीन.”

त्या रात्री नणंदेनं वडिलांना सांगितलं की निगडीच्या लोकांना येऊ नका म्हणा. का, ते रविवारी कळेल. सासऱ्यांनी फोन उचलला आणि निगडीला कळवलं. पण दोन दिवस जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा भाजी घेतली नाही.

मी मधल्या दिवसांत बसून समारंभाचं प्रकरण पुन्हा लिहिलं. नणंदेला आधी विचारलं, तुझं घेऊ का गं थोडं? ती म्हणाली, “घे. पण मला घोड्यावर बसवू नकोस.” नाही बसवलं. माझी डॉक्टरची मुलगी त्या प्रकरणात फार काही करतच नाही. ती सरदाराशी पावसाबद्दल बोलते, वाद्यांबद्दल बोलते, आणि एकदाही ‘सरकार’ म्हणत नाही. तो गडबडतो. त्याला वाटतं, आपलं काही चुकलं. जन्मभर ज्या शब्दानं लोकांनी त्याला दूर ठेवलं तो शब्द आज कुणीतरी मुद्दाम बाजूला ठेवला, हे त्याला घरी जाताना गाडीत कळतं. प्रकाशिका बाईंनी ते वाचून फोन केला आणि फक्त म्हणाल्या, “आता पुढचं कधी देता?”

चाकणच्या ट्रॅफिकचे आभार मानणारी मी बहुधा पहिलीच बाई असेन. पण मानते. त्या कांद्याच्या ट्रकांचे, त्या अर्ध्या सरकणाऱ्या काचेचे, आणि दादा नावाच्या त्या भिंतीचेसुद्धा, कारण ती नसती तर पडताना मला दिसली कशी असती? मी फार लांब बघत होते. मला जे हवं होतं ते घरच्याच माणसानं, न मागता, माझ्या मागच्या सीटवर बसून दिलं. त्या पोरीचं माझ्यावर ऋण आहे आणि ते मला फेडायचंही नाही.

रविवारी ते आले. इस्त्रीचा शर्ट, हात मोकळा. एकटेच आले म्हणून सासऱ्यांनी विचारलं, “वडीलधारं कुणी न्हाई संगट?”

“गावाकडं आहेत. आधी तुमचं मन बघावं म्हणलं, मग त्यांना बोलवतो.”

सासऱ्यांनी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाले, “पाहुणं, मी बी फिटर होतो, म्हणून इचारतो. ती ऑफिसात, तुमी टूलरूमला. लोक बोलत्याल.”

“बोलू द्या की. मी केलेला पहिलाच पार्ट त्यांनी रिजेक्ट केलता.” ते म्हणाले. “पण कारण लिहून दिलतं. बरोबर होतं ते. माझं काम इतकं नीट बघून परत पाठवलेलं कुणी नव्हतं आजवर.”

माझ्या नवऱ्यानं हसू दाबलं. नणंद स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सासऱ्यांनी मान तिच्याकडे वळवली. “पोरी, तुझं काय?”

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला भीती वाटली, की हिला आता शब्दच सापडणार नाही, आणि बाबा त्याचा भलताच अर्थ काढतील. मग ती वडिलांकडे न बघता माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “वहिनी, ह्यांच्या चहात साखर कमी घाल.”

मी माझ्या नवऱ्याला लग्नाआधीपासून नावानं हाक मारते, त्यामुळे सासूबाई गेल्यापासून आमच्या घरात कुणी कुणाला ‘ह्यांच्या’ म्हटलेलंच नव्हतं.  सासऱ्यांनी चष्मा काढला, परत लावला. “तुझी आई,” ते म्हणाले, आणि थांबले. “तुझी आई माझ्या चहाचं असंच सांगायची. आल्यागेल्यापुढं.”

ते उठले आणि तडक स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेले, तर ओट्याकडे तोंड करून उभे, खांदे हलत होते. मी पातेलं घ्यायला हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला.

“तू बाहेर बस, सूनबाई,” ते म्हणाले. “जावयाचा चहा मी करतो.”